पेण-रोह्यात ऊलाँग मिळेल का?

मित्रहो, सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर सगळ्यात जास्त खप कशाचा होतो हे वेगळं सांगायला नको. मेसच्या मोठ्या पातेल्यात सकाळी सहापासून उकळणारा तो तपकिरी द्रव आपल्या सगळ्यांच्या डिग्रीत अर्धा भागीदार आहे. त्याला नावं ठेवण्याचा आमचा अजिबात विचार नाही. पण अलीकडे खोल्याखोल्यांतून एक नवं नाव ऐकू यायला लागलंय, ते म्हणजे ऊलाँग. कोणी मोबाईलवरची जाहिरात बघून तो मागवतो, कोणाला जिममधल्या मित्राने सांगितलेलं असतं, कोणाची ताई मुंबईच्या ऑफिसात तोच पिते. मग पेणच्या बाजारात नाहीतर रोह्याच्या एखाद्या किराणा दुकानात चौकशी होते. "शेट, ऊलाँग चहा आहे का?" शेट विचारतात, "कुठल्या कंपनीचा?" आणि गाडी तिथंच अडते.

तर हा चहा नेमका काय आहे, आपल्याकडच्या दुकानांत तो का दिसत नाही, मागवायचाच तर काय बघून मागवायचा आणि आपल्याला कोणी बनवू नये म्हणून काय विचारायचं, हे जरा सविस्तर बघू. आमचं मत आधीच सांगून टाकतो. चांगला ऊलाँग ओळखायला चहाचा पंडित असावं लागत नाही. आपल्या घरची माणसं सुकट, पोहे आणि आंबे ज्या पद्धतीने घेतात ती पद्धत इथे जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते. अडचण एवढीच की चकचकीत खोकं दिसलं की आपण ती पद्धत विसरतो.

झाड एकच, हात वेगळा

ग्रीन टी, मेसचा चहा आणि ऊलाँग ही तीन वेगळी झाडं नाहीत. झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो पान तोडल्यानंतर. सफरचंद कापून ठेवलं की दहा मिनिटांत तांबूस पडतं ना, तीच गोष्ट चहाच्या पानात होते. पान चुरगळलं की पेशी फुटतात, आतलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम कॅटेचिनांना भेटतं, हवेतला ऑक्सिजन मदतीला असतोच, आणि पान हिरव्याचं तांबडं, तांबड्याचं तपकिरी होत जातं. या प्रवासात थिआफ्लॅविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. आपल्या चहाचा लालसर रंग आणि तो जिभेला धरणारा कडकपणा त्यांचाच.

ग्रीन टी करणारा हे सुरूच होऊ देत नाही. पान तोडलं की लगेच उष्णता देतो आणि एन्झाइम मारून टाकतो. काळा चहा करणारा ते शेवटापर्यंत जाऊ देतो. ऊलाँगवाला मध्येच कुठेतरी थांबवतो. ही 'मध्येच' फार मोठी जागा आहे बरं का! दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कुठेही. त्यामुळे एक ऊलाँग हिरवट आणि फुलांच्या वासाचा असतो, तर दुसरा गडद, भाजलेल्या दाण्यासारखा किंवा पिकल्या फळासारखा. दोघांचं नाव मात्र एकच. दुकानात नुसतं 'ऊलाँग द्या' म्हणणं म्हणजे मच्छी मार्केटात जाऊन नुसतं 'मासा द्या' म्हणण्यासारखं आहे.

करण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. पानं आधी उन्हात, मग सावलीत कोमेजू देतात. मग बांबूच्या पसरट सुपांत ती हलवतात, म्हणजे पानाच्या फक्त कडा ठेचल्या जातात आणि मधला भाग शाबूत राहतो. थोडा वेळ ठेवायचं, पुन्हा हलवायचं, पुन्हा ठेवायचं. असं कित्येक तास, बहुतेक वेळा रात्रभर. वास हवा तसा आला की गरम कढईत किंवा ड्रममध्ये टाकून थांबवायचं. नेमकं कधी थांबवायचं हे मीटरवर कमी आणि नाकावर जास्त ठरतं. पुरणाचं पातेलं कधी उतरवायचं हे आजीला जसं कळतं तसंच. चीनमधल्या फुच्यान प्रांतातले वुयी डोंगर आणि आन्शी ही या कारागिरीची जुनी घरं. तिथून ती तैवानला गेली. तैवानचा, म्हणजे तेव्हाच्या फोर्मोसाचा, ऊलाँग १८६९ साली जहाजाने थेट न्यूयॉर्कला गेला आणि तिथून त्याचं जगभर नाव झालं. नावाचा अर्थ विचाराल तर काळा ड्रॅगन. पान वाळल्यावर काळं आणि पिळदार दिसतं म्हणून असेल.

मग आपल्या दुकानात का नाही?

कारण सरळ आहे, मागणी नाही. भारतात वर्षाला साधारण १३० कोटी किलो चहा होतो आणि त्यातला बहुतेक सीटीसी असतो. सीटीसी म्हणजे क्रश, टिअर, कर्ल, अर्थात चिरडा, फाडा, गुंडाळा. १९३०च्या सुमारास आसाममधल्या अमगुरी बागेत विल्यम मॅककर्चर यांनी हे यंत्र आणलं. एकमेकांविरुद्ध वेगवेगळ्या वेगाने फिरणारे दातेरी रोलर आणि त्यांच्यामधून जाणारं पान. मेकॅनिकलवाल्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. बाहेर पडतो तो आपला दाणेदार चहा.

दाणा छोटा, पेशी पूर्ण फुटलेल्या, पृष्ठभाग भरपूर. त्यामुळे दोन मिनिटं उकळला की असेल नसेल ते सगळं पाण्यात उतरतं. दूध-साखर घातल्यावरही चव टिकायला हाच चहा पाहिजे. दुधाच्या चहासाठी सीटीसी हलका आणि ऊलाँग भारी असं कोणी म्हणत असेल तर त्याला दोन्ही कळलेले नाहीत. ऊलाँगमध्ये दूध घातलंत तर पैसे आणि दूध दोन्ही वाया. तेव्हा पेण-रोह्याचे शेट ऊलाँग ठेवत नाहीत यात त्यांची काही चूक नाही. न खपणारा चहा दोन पावसाळे फळीवर ठेवून त्यांनी तुम्हाला विकावा असं तुम्हालाही वाटणार नाही.

आणि इथेच आपल्या भागाची खास गोष्ट येते, हवा. चहा कारखान्यातून निघतो तेव्हा त्यात जेमतेम तीन ते पाच टक्के पाणी असतं. उघडा राहिला की तो हवेतला ओलावा ओढतो आणि ओलाव्याबरोबर आजूबाजूचे वासही. मोगऱ्याचा चहा याच गुणावर करतात. ताजी फुलं आणि चहा रात्रभर एकत्र ठेवायचे, वास आपोआप चहात उतरतो. आता हाच गुण जुलै महिन्यात पेणच्या किराणा दुकानात आणून बघा. डाव्या हाताला सुक्या जवळ्याचं पोतं, उजवीकडे अगरबत्ती, वर हिंगाचे डबे, खाली कपड्याचा साबण आणि मध्ये सुट्या चहाचा डबा, तोही दिवसातून चाळीस वेळा उघडणारा. मसाला-आलं घातलेल्या चहात हे सगळं खपून जातं. ऊलाँगमध्ये खपत नाही. त्यात झाकायला काही नसतंच.

म्हणून या भागात ऊलाँग सुटा घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पनवेल-वाशीच्या एखाद्या मोठ्या दुकानात खोकं दिसलं तर ते सीलबंद आहे का आणि आत फॉइलची पिशवी आहे का ते बघा. साध्या कागदाच्या टी-बॅगा असतील तर बहुतेक वेळा आत पानाचा चुरा असतो. पान मुळात ऊलाँगचं असलं तरी चुरा झाल्यावर त्याची अर्धी मजा गेलेली असते.

जाता जाता मेसच्या काकूंसाठी आणि स्टाफ क्वार्टर्समध्ये सुटी पावडर आणणाऱ्यांसाठी दोन साध्या चाचण्या सांगतो. ओल्या पांढऱ्या टिशूपेपरवर चिमूटभर पावडर पसरा आणि थोड्या वेळाने झटकून टाका. लगेच भडक लाल-नारिंगी डाग उमटले तर रंग मारलेला असण्याची शक्यता आहे. दुसरी चाचणी, थोड्या पावडरीवरून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला कीस चिकटला तर तो चहा बदला. रोलर झिजूनही थोडं लोखंड चहात येतं आणि चांगले कारखाने ते मॅग्नेट लावून काढून टाकतात. कीस जास्त दिसला म्हणजे कुणीतरी ते काम केलेलं नाही, किंवा मुद्दाम मिसळलंय.

देवगडची पेटी आणि दार्जिलिंगचा डबा

ऑनलाइन घ्यायचं म्हटलं की वासही घेता येत नाही आणि चिमूटही हातात येत नाही. मग ठरवायचं कसं? तर आंबा घेतो तसं.

एप्रिलमध्ये हायवेला गाडी थांबवली की प्रत्येक पेटीवर 'देवगड' लिहिलेलं असतं. आपण कोकणातली माणसं हसतो, कारण आपल्याला माहीत असतं की देवगडची सगळी कलमं मिळूनही एवढे आंबे द्यायची नाहीत. कर्नाटकातला आंबा त्याच गवतात, त्याच पेटीत बसतो. म्हणून तर २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पेणवरून अलिबागला जाताना वेण्या बांधून लटकवलेला पांढरा कांदा दिसतो, त्यालाही २०२२ मध्ये ते मिळालं. तोही प्रत्येक वेळी अलिबागचाच असतो का, हे गाववाल्यांना विचारा!

दार्जिलिंगचं दुखणं अगदी हेच आहे. भारतातलं पहिलं जीआय २००४ साली याच चहाला मिळालं. नोंदणी असलेल्या बागा फक्त ८७ आणि तिथलं उत्पादन अलीकडच्या वर्षांत ७० लाख किलोच्याही खाली आलंय. दार्जिलिंगच्या नावाने जेवढा चहा विकला जातो तो या आकड्यात बसत नाही. सीमेपलीकडून, नेपाळच्या इलाम भागातून येणारा चहा दिसायला आणि चवीला जवळचा असतो आणि तो दार्जिलिंग म्हणून खपवला जातो, ही तिथल्या बागवाल्यांची जुनी तक्रार. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नेपाळचा चहा वाईट नसतो. तिकडे ऊलाँग चांगला होतो आणि 'नेपाळ' असं सरळ लिहून विकणारा दुकानदार आम्हाला जास्त विश्वासाचा वाटतो. प्रश्न चवीचा नसून नावाचा आणि त्या नावावर लावलेल्या किमतीचा आहे.

म्हणून पहिला प्रश्न बागेचा. 'प्रीमियम हिमालयन ऊलाँग' यातून काहीही कळत नाही. हिमालय कुठून कुठपर्यंत आहे ते भूगोलात शिकलोय आपण. बागेचं किंवा निदान जिल्ह्याचं नाव हवं. दार्जिलिंगमधल्या मिरिक बाजूची गोपालधारा ही बाग ऊलाँग करते आणि स्वतः ऑनलाइनही विकते. अरुणाचलमधल्या डोन्यी पोलो बागेचा ऊलाँगही नावाजलेला आहे. निलगिरीतही होतो. बाग थेट विकत असेल तर मधले हात कमी होतात आणि काही विचारलं तर उत्तर द्यायला माणूस असतो.

दुसरा प्रश्न कधी तोडला? आम्हाला विचाराल तर हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि विक्रेते तो हमखास टाळतात. पाकिटावर पॅकिंगचा महिना असतो, तो कायद्यानेच लिहावा लागतो. पण पॅकिंग म्हणजे तोडणी नव्हे. दोन वर्षांपूर्वीचा चहा गेल्या महिन्यात पिशवीत भरला तरी पॅकिंगची तारीख ताजीच दिसणार. दार्जिलिंगमध्ये पहिली तोड, म्हणजे फर्स्ट फ्लश, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, सेकंड फ्लश मे-जून, मग पावसाळी तोड आणि शेवटी ऑक्टोबर-नोव्हेंबरची शरदातली. वर्ष आणि फ्लश दोन्ही लिहिलेलं असेल तर विक्रेत्याला आपला माल माहीत आहे असं समजा. लिहिलेलं नसेल तर मेसेज टाकून विचारा. पोहे घेताना आई विचारते ना, "कधीचे कुटलेले?" तोच प्रश्न. उत्तर देताना माणूस चाचरला तर पुढच्या दुकानात जायचं. यात एक अपवाद आहे. चांगला भाजलेला गडद ऊलाँग नीट ठेवला तर वर्षा-दोन वर्षांत बिघडत नाही, काही वेळा सुधारतो. हिरवट जातीचा मात्र वर्षाच्या आत संपवावा.

तिसरी गोष्ट ती लांबलचक अक्षरं, एसएफटीजीएफओपी-वन वगैरे. बघून छाती दडपते, पण त्यात पानाचा आकार आणि कळ्यांचं प्रमाण यापलीकडे काही नाही. चवीची हमी त्यात नाही. एखाद्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव एवढं सगळं सांगितलं म्हणून माणूस चांगला ठरत नाही, तसंच.

चौथी गोष्ट परदेशी माल. आयात चहावर भारतात शंभर टक्के सीमाशुल्क आहे. म्हणजे तिकडे शंभर रुपयांना पडणारा चहा इथल्या बंदरात उतरताच दोनशेच्या घरात जातो, वर वाहतूक आणि नफा. आता कोणी 'अस्सल तैवानचा डोंगरी ऊलाँग' अडीचशे ग्रॅम तीनशे रुपयांत देतो म्हणाला तर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलेटर काढायचीही गरज नाही. पॅकबंद आयात मालावर मूळ देशाचं नाव लिहिणं बंधनकारक आहे आणि ऑनलाइन विकणाऱ्याने ते साइटवरही दाखवायचं असतं. तेवढं शोधा. एफएसएसएआयचा चौदा आकडी लायसन्स नंबर पाकिटावर आहे की नाही तेही बघा. तो चवीचं सर्टिफिकेट नाही, पण मागे खरा पत्ता असलेला माणूस आहे एवढं त्यातून कळतं.

'मिल्क ऊलाँग' नावाने एक प्रकार मिळतो, त्याबद्दल वेगळं सांगायला हवं. तैवानमध्ये जिन श्वान नावाची चहाची जात आहे, तिच्या पानालाच सौम्य दुधासारखा, लोण्यासारखा वास असतो. पण बाजारात त्या नावाखाली बराचसा माल साध्या ऊलाँगवर सुगंध मारून विकतात. ओळखणं सोपं आहे. सुगंध मारलेला असेल तर पाकीट उघडल्या उघडल्या अख्खी खोली पेढ्यासारखी घमघमते आणि दुसऱ्यांदा पाणी घातलं की वास गायब. खऱ्याचा वास आधी मंद असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यालाही टिकतो.

वजन कमी होतं म्हणे!

आता मुद्द्याचं. होस्टेलवर ऊलाँग मागवणाऱ्या दहातले निदान सहाजण 'पंधरा दिवसांत पोट आत' या जाहिरातीला भुलून मागवतात असा आमचा अंदाज आहे. त्यांतल्या एका मित्राने महिन्याच्या मेसबिलातले पैसे वाचवून मागवलेली पिशवी आम्ही उघडून पाहिली. आत सोनामुखीचा उल्लेख होता. बारीक अक्षरात, मागच्या बाजूला. सोनामुखी हे जुलाबाचं औषध आहे हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारलं तरी कळेल. जुलाब होऊन वजनकाट्यावर एक-दोन किलो कमी दिसतीलही, पण ते पाणी असतं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ते परवडत नाही!

ऊलाँगमध्ये कॅफीन आणि कॅटेचिन असतात आणि त्यांच्यामुळे शरीराचा ऊर्जाखर्च किंचित वाढतो, एवढी गोष्ट खरी. पण तो 'किंचित' रोजच्या दोन वडापावांपुढे टिकत नाही. खरा फायदा असेल तर तो साखर-दुधाचे चार कप जाऊन त्या जागी बिनसाखरेचे चार कप आले यातला आहे. मधुमेह असलेल्या आपल्या काही कर्मचारी बंधूंना याचा उपयोग होऊ शकतो. पण गोळी बंद करून चहा, असा विचार कोणी मनातही आणू नये. पाकिटावर रोग बरा करण्याचे दावे असतील तर तो चहा न घेण्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. २०१८ पासून खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतल्या अशा दाव्यांवर एफएसएसएआयचे नियम आहेत. जो तिथे खोटं बोलतो तो बागेच्या नावाबद्दल खरं बोलेल कशावरून?

मुलींच्या होस्टेलसाठी खास, आणि मुलांनीही वाचायला हरकत नाही. कुठलाही चहा जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घेतला की जेवणातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. आणि ऊलाँगमध्येही कॅफीन आहे बरं. रात्री अकराला पिऊन झोप येत नाही म्हणून रेक्टर सरांकडे तक्रार नेऊ नका.

परवडतं का?

होस्टेलवरचा खरा प्रश्न हाच. हिशोब मांडून बघू. दुधाच्या एका कपाला ७५ मिली दूध, लिटरला ६० रुपये भाव धरला तर साडेचार रुपये. तीन ग्रॅम चहा पावडर, किलोला ५०० धरली तर दीड रुपया. साखर आठ ग्रॅम, पस्तीस-छत्तीस पैसे. सगळे मिळून सहा रुपये छत्तीस पैसे, गॅस वेगळा.

आता बऱ्यापैकी ऊलाँग ५० ग्रॅमला २५० रुपये धरा. किलोचा भाव झाला पाच हजार! ऐकून घाम फुटतो. पण एका वेळी पाच ग्रॅम घेतलात तर ते पंचवीस रुपयांचं पान होतं आणि त्याच पानावर चार वेळा पाणी घालता येतं. पान अख्खं असल्यामुळे ते सगळं एकदम सोडत नाही, हळूहळू सोडतं. सीटीसीच्या बरोबर उलट. म्हणजे कप पडला सव्वासहा रुपयांना. दोघांत दहा-अकरा पैशांचा फरक! अट एकच, की पान खरंच चार पाणी टिकणारं हवं. दुसऱ्याच पाण्याला फिकं पडणारा चहा स्वस्तात घेतलात तर तो महागच पडला. म्हणून किलोच्या भावाने घाबरू नका आणि किलोच्या भावाने फसूही नका.

कसा करायचा हेही थोडक्यात. होस्टेलवर हीटर आणि केटलला बंदी आहे याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे (सरांनीही हे वाचावं). मेसमधून उकळतं पाणी स्टीलच्या झाकणाच्या मगात आणलंत की खोलीपर्यंत येता येता ते नव्वद-पंच्याण्णव अंशांवर येतं, आणि तेवढंच हवं असतं. पाच ग्रॅम, म्हणजे गोळी ऊलाँग असेल तर एक भरलेला चमचा, पिळदार लांब पानं असतील तर दोन-तीन सैल चमचे. दीडशे मिली पाणी. दोन-तीन मिनिटं. गाळून पूर्ण ओतून घ्या, पान पाण्यात बुडवून ठेवू नका. पुढच्या प्रत्येक पाण्याला मिनिटभर जास्त. उकळायचं नाही.

पिऊन झाल्यावर ओली पानं ताटलीत पसरून बघा. विक्रेता खरं बोलला की नाही हे त्यावर लिहिलेलं असतं. चांगल्या ऊलाँगचं पान उलगडतं तेव्हा अख्खं असतं, बऱ्याचदा देठासकट दोन-तीन पानं जोडलेली. हिरवट जातीत मध्ये हिरवं आणि कडेला तांबूस रेघ दिसते, तीच ती सुपात ठेचलेली कड. गडद जातीत सगळं तपकिरी असलं तरी पान लवचिक लागतं, बोटांत धरलं तर चामड्यासारखं वाकतं. तुकडे, काड्या आणि चिखलासारखा लगदा निघाला तर काय समजायचं ते समजा. पेल्यातला चहा सोनेरी ते मधाच्या रंगापर्यंत कुठलाही चालेल, पण नितळ हवा. त्या ताटलीचा फोटो काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर उपयोगी पडतो. विक्रेत्याने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पहिल्यांदा मागवताना पाव किलो कधीही मागवू नका. बहुतेक चांगले विक्रेते दहा ते पंचवीस ग्रॅमचे नमुने देतात. एक हिरवट, एक मध्यम, एक भाजलेला असे तीन नमुने आणि चार खोल्यांत वर्गणी, म्हणजे पोस्टेजही वाटलं जातं. पिनकोड ४०२१०७ किंवा ४०२१०९ टाकून आधी डिलिव्हरी येते का ते बघा. जून ते सप्टेंबर शक्यतो मागवूच नका. पार्सल वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये चार दिवस ओल खात पडलं की फॉइलची शिवण कितीही चांगली असो, जीव टांगणीला लागतो. आमच्या मते चांगला मुहूर्त दिवाळीची सुट्टी संपताना. सेकंड फ्लशचा माल तोवर विक्रेत्यांकडे आलेला असतो आणि आपल्याकडची हवाही कोरडी झालेली असते.

आल्यावर ती पिशवी कपाटात सुक्या बोंबलाच्या शेजारी ठेवू नका. हे सांगावं लागतंय, कारण घरून आलेलं सगळं सामान आपण एकाच कप्प्यात कोंबतो. घट्ट झाकणाचा छोटा स्टीलचा डबा, तोही आधी मसाला न ठेवलेला. फ्रिजमध्ये ठेवायचा मोह टाळा, बाहेर काढला की आत दव धरतं. आणि चौथं पाणी झाल्यावरची पानं बेसिनमध्ये टाकून पाईप तुंबवू नका. मेसच्या मागे काकूंनी कढीपत्ता लावलाय, त्याच्या बुंध्यात टाका.